त्यांचा ढोल हिसकावला, आपल्या गळ्यात अडकवला

जालन्यात १४ एप्रिलच्या मिरवणुकीची तयारी मार्च संपता संपताच सुरू होते. मागच्या वर्षी अशाच एका संध्याकाळी आमच्या वस्तीतली पोरं विहारासमोर बसून गाणी ठरवत होती. माझा पुतण्या लॅपटॉपवर एका भीमगीताखाली नवा ठेका बसवत होता. मी विचारलं, "हे काय रे?" तो म्हणाला, "काका, हा स्पॅनिश बीट आहे. लॅटिन. सगळ्या जगात सध्या हाच चालतो."

बाजूला मातंग समाजातले एक वयस्कर हलगीवादक बसले होते. मिरवणुकीत हलगी ठेवायची की नाही, याची बोलणी करायला आले होते. त्यांनी मांडीवर बोटांनी तोच ठेका वाजवून दाखवला आणि म्हणाले, "स्पॅनिश कशाचं? हे तर आपल्याकडंच वाजतंय पहिल्यापासून."

तेवढ्यात आमचा एक तरुण कार्यकर्ता उसळून म्हणाला, "हलगी नकोच. हलगी म्हणजे गुलामी. आपल्या बापजाद्यांनी ती फेकली, ती तुम्ही परत आणता काय?"

तीन माणसं, तीन दावे. एक म्हणतो हे स्पॅनिश आहे. दुसरा म्हणतो हे आपलंच आहे. तिसरा म्हणतो ही गुलामी आहे. त्या रात्री या तिन्ही दाव्यांनी मला झोपू दिलं नाही. मित्रांनो, प्रश्न गाण्याचा वाटतो, पण तो गाण्याचा नाही. घाम कोणाचा आणि नाव कोणाचं, हा तो प्रश्न आहे. म्हणून एकेक दावा तपासून पाहू.

दावा पहिला : "हे स्पॅनिश आहे"

आधी तो ठेका समजून घेऊ. एक ते आठ मोजा आणि फक्त एक, चार आणि सात या आकड्यांवर टाळी द्या. तीन, तीन आणि दोन अशी विभागणी होते. पुतण्याच्या लॅपटॉपवर वाजत होता तो रेगेटॉन याच हिशेबावर उभा आहे. क्युबातल्या संगीताचा कणा मानला जाणारा 'क्लावे' हा ठेकाही इथूनच सुरू होतो. सोळा मात्रांत पाच ठोके : एक, चार, सात, अकरा आणि तेरा. टणक लाकडाच्या दोन दांड्या एकमेकींवर आपटून तो वाजवतात. बाकी सगळी वाद्यं त्याच्याभोवती फिरतात.

ही पद्धत स्पेनमधून आलेली नाही. एक ठरलेला तिरका ठेका सतत चालू ठेवायचा आणि वेगवेगळ्या ढोलांनी त्याच्याभोवती आपापलं बोलायचं, ही पश्चिम आणि मध्य आफ्रिकेची रीत आहे. तिथं हा ठेका लोखंडी घंटेवर वाजवतात. एकानं गायचं आणि बाकीच्यांनी झील धरायची, हीही तिकडचीच रीत.

ही माणसं आफ्रिकेतून अमेरिकेत कशी गेली? तिकीट काढून गेली नाहीत. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी माणसांना साखळ्या घालून जहाजांत कोंबलं गेलं. त्यातली सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरली. उरलेली समुद्रात गेली. एकट्या ब्राझीलमध्ये जवळजवळ ५० लाख माणसं उतरवली. छोट्याशा क्युबात पावणेआठ लाखांच्या आसपास, आणि त्यातली बहुतेक १७९० नंतर, साखरेचे मळे वाढले तेव्हा. उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर मात्र थेट आलेली ४ लाखांपेक्षा कमी होती.

हा आकड्यांचा फरक संगीतात ऐकू येतो. क्युबात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आफ्रिकेतून नवी माणसं येतच राहिली. त्यांच्यासोबत भाषा, देव आणि ढोलांचे बोल ताजे राहिले. योरुबा लोकांचे बाटा ढोल, कांगोकडच्या लोकांचे उंच ढोल, कालाबारकडच्या लोकांचे गुप्त पुरुषमंडळ, हे सगळं तिथं टिकलं. हवाना आणि मातान्सासच्या गोदीत हमाली करणाऱ्या काळ्या मजुरांनी, ढोल मिळाले नाहीत तेव्हा खारवलेल्या माशांची आणि मेणबत्त्यांची रिकामी खोकी बडवली. त्यातून रुंबा उभा राहिला. क्युबात गुलामगिरी संपली १८८६ मध्ये, ब्राझीलमध्ये १८८८ मध्ये. आपल्या तात्यासाहेबांची 'गुलामगिरी' १८७३ ची. काळ्या माणसांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना त्यांनी ती अर्पण केली, तेव्हा क्युबाच्या उसाच्या फडात अजून चाबूक चालू होता.

मग या संगीताचं नाव 'लॅटिन' का? लॅटिन ही प्राचीन रोमची भाषा. स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच या तिच्या पोरी. म्हणजे नाव पडलं ते मालकाच्या भाषेवरून. ज्यांच्या हातांनी ढोल वाजला, त्यांचा खंड त्या नावात कुठंच नाही. आपल्याकडं धरणावर नाव पुढाऱ्याचं असतं आणि माती वाहणाऱ्याचं कुठंच नसतं, तसंच हे.

स्पेनचा वाटा : तोही खरा आहे

पण आपण फुले-आंबेडकरांची माणसं आहोत. एका खोट्याला दुसऱ्या खोट्यानं उत्तर द्यायचं नाही. सगळं आफ्रिकेचं आणि स्पेनचं काहीच नाही, असं म्हणणंही चूक ठरेल.

गाण्याची भाषा स्पॅनिश आहे. दहा ओळींचं 'देसिमा' हे पद्य स्पेनमधून आलं आणि क्युबाच्या शेतकऱ्यांनी ते तोंडपाठ केलं. आजही तिथं समोरासमोर बसून दहा-दहा ओळींची सवाल-जबाबी चालते. आपल्या कलगी-तुऱ्याच्या माणसाला ती लगेच कळेल. गिटार स्पेनची. तिच्यापासून क्युबात 'त्रेस' नावाचं वाद्य झालं, त्यात तारांच्या तीन जोड्या असतात. स्वरांची रचना, जोडीनं नाचण्याची पद्धत आणि युरोपातून आलेला 'कोन्त्रादान्सा' हा ओळीचा नाचही तिकडून आला. हे सगळं आणणारे सगळेच जमीनदार नव्हते. कॅनरी बेटांवरून आलेले गरीब शेतकरी होते, तंबाखू पिकवणारे होते, खलाशी होते. 'सोन' नावाचा क्युबाचा प्रकार या दोन गरिबांच्या भेटीतून झाला : तार एकाची, कातडं दुसऱ्याचं.

आणि स्पेन तरी शुद्ध कुठं आहे? इ. स. ७११ ते १४९२ पर्यंत स्पेनच्या कमीअधिक भागावर अरब आणि उत्तर आफ्रिकेतल्या मुसलमानांचं राज्य होतं. स्पेनचं 'लाऊद' हे वाद्य म्हणजे अरबांचं 'अल ऊद'. पंधराव्या शतकात तिथं रोमा, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणतात, ते लोक पोचले. सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघालेली ही माणसं. त्यांच्या भाषेत आजही नाकाला 'नाख', कानाला 'कान' आणि पाण्याला 'पानी' म्हणतात. ज्या फ्लामेन्कोवर स्पेन आज अभिमानानं मिरवतो, तो घडवण्यात या रोमांचा मोठा हात आहे. पण १७४९ मध्ये याच स्पेनच्या राजानं एका मोहिमेत हजारो रोमांना पकडून कैदेत टाकलं होतं. म्हणजे ज्याला आपण 'स्पॅनिश मूळ' म्हणतो, त्याच्या आतही एक वेशीबाहेरची वस्ती आहे.

तेव्हा पुतण्याला माझं उत्तर असं : ठेका आफ्रिकेचा, भाषा आणि तार स्पेनची, आणि त्यांची गाठ पडली ती मळ्यात, गोदीत आणि झोपडपट्टीत. ही काही दोन संस्कृतींची हसतखेळत झालेली सोयरीक नव्हती. एकाच्या हातात चाबूक होता.

आधी बंदी, मग बाजार, मग राष्ट्राची शान

या संगीताच्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडते. ती नीट बघा.

१५८३ मध्ये स्पेनमध्ये 'साराबांदा' नावाच्या नाचावर बंदी आली. तो अश्लील आहे म्हणून. अमेरिकेतल्या वसाहतींत त्याचा उल्लेख त्याच्याही आधी सापडतो. शे-दीडशे वर्षांत तोच नाच संथ होऊन युरोपच्या दरबारांत बसला आणि बाखसारख्या थोर संगीतकाराच्या रचनांत गेला.

१७३९ मध्ये उत्तर अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनात स्टोनो नदीजवळ गुलामांनी बंड केलं. ते ढोल वाजवत चालले होते. पुढच्याच वर्षी कायदा करून गुलामांना ढोल बाळगायला बंदी केली. मालकाला कळलं होतं की ढोल म्हणजे करमणूक नव्हे, ढोल म्हणजे निरोप.

क्युबात स्पॅनिश सरकारनं काळ्यांच्या मंडळांना वर्षातून एक दिवस, ६ जानेवारीला, ढोल घेऊन रस्त्यावर यायची मुभा दिली होती. १८८० च्या दशकात तीही गेली. ब्राझीलच्या १८९० च्या दंडसंहितेनं कपोएरा हा गुन्हा ठरवला. ब्वेनोस आयरेस आणि मोन्तेव्हिदेओत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'टांगो' हा शब्द काळ्यांच्या नाचाच्या जागांसाठी वापरत, आणि त्या जागा बंद करा म्हणून तक्रारी होत.

आणि पुढं? १८७५ मध्ये पॅरिसच्या 'कारमेन' या ऑपेरात हवानाचा ठेका वाजला. १९३० च्या दशकात ब्राझीलच्या सरकारनं सांबाला राष्ट्राचं संगीत केलं. २००९ मध्ये टांगो आणि २०१६ मध्ये क्युबाचा रुंबा युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेला. फेर्नांदो ओर्तिस या क्युबाच्या विद्वानाचंच बघा. १९०६ मध्ये पहिल्या पुस्तकात त्यानं काळ्यांच्या धर्माकडं गुन्हेगारी म्हणून पाहिलं. आयुष्यभर अभ्यास केल्यावर तोच माणूस काळ्यांच्या संगीताचा सगळ्यात मोठा अभ्यासक झाला आणि १९४० मध्ये त्यानं दाखवून दिलं की क्युबाची संस्कृती अशा अनेकांच्या देवाणघेवाणीतून घडली आहे. चूक कबूल करून बदलणारा विद्वान दुर्मीळ असतो. आपल्याकडं तर फारच.

पण वादकाच्या पदरात काय पडलं? आर्सेन्यो रोद्रिगेस हा कांगोकडून आणलेल्या गुलामांचा नातू. लहानपणी जनावराच्या लाथेनं त्याची दृष्टी गेली. १९४० च्या सुमारास त्यानं हलका समजला जाणारा कांगा ढोल नाचाच्या बँडमध्ये आणून बसवला. पुढं जगानं ज्याला सालसा म्हटलं, त्याचा पाया तिथं घातला गेला. सालसाची लाट यायच्या तोंडावर, १९७० मध्ये तो वारला. लाटेचे पैसे दुसऱ्यांनी मोजले.

हे जुनं झालं म्हणू नका. पुतण्याच्या रेगेटॉनचा माग काढला तर तो पनामात जातो. कालवा खोदायला आणलेल्या जमैकन काळ्या मजुरांच्या नातवंडांनी तिथं स्पॅनिशमध्ये रेगे गायला सुरुवात केली. तिथून तो पोर्तो रिकोच्या गरीब वस्त्यांत आला. १९९५ मध्ये पोर्तो रिकोच्या पोलिसांनी दुकानांवर छापे घालून या गाण्यांच्या कॅसेट जप्त केल्या. अश्लील म्हणून! १५८३ आणि १९९५. चारशे वर्षांत आरोपाचा शब्दही बदलला नाही.

दावा दुसरा : "हे तर आपल्याकडंच आहे"

आता हलगीवादक बाबांचं म्हणणं. त्यांच्या बोटांनी वाजवलेला ठेका खरा होता, यात शंका नाही. आपल्या आठ मात्रांच्या ठेक्यांतही असा तिरका जोर ऐकू येतो. पण त्यावरून 'सालसाची आई हलगी' असं ठोकून देता येत नाही. आठचे तीन-तीन-दोन असे भाग जगात अनेक ठिकाणी, अनेकांनी, आपापले पाडले आहेत. हिशेब सारखा आला म्हणून वंश एक ठरत नाही. सगळं आमच्या वेदात आधीच होतं असं सांगणाऱ्यांना आपण हसतो. मग सगळं आमच्या हलगीत आधीच होतं, हे आपण सांगायचं नाही.

पण आफ्रिकेचा आणि आपला खराखुरा संबंध आहे, आणि तो सिद्ध करायला कल्पनेची गरज नाही. गुजरातेतले सिद्दी आपल्या नाचाला 'गोमा' म्हणतात. आफ्रिकेतल्या बांटू भाषांत 'ङ्गोमा' म्हणजे ढोल, आणि ढोलाभोवतीचा नाचही. त्यांच्याकडं 'मलुंगा' नावाचं भोपळा लावलेलं धनुष्यासारखं एकतारी वाद्य आहे. ब्राझीलच्या कपोएरातलं बेरिंबाउ शेजारी ठेवा, दोघं भाऊ वाटतील. एका जहाजात कोंबलेली माणसं पश्चिमेला गेली, दुसऱ्या जहाजातली पूर्वेला आली.

क्युबाचा ठेका महाराष्ट्रात आला तोही माणसांच्या हातून. पोर्तुगीजांच्या राजवटीत गोव्याच्या चर्चशाळांत गरीब ख्रिस्ती पोरांना पाश्चात्त्य संगीत लिहा-वाचायला शिकवत. ही पोरं पोटासाठी मुंबईला आली, हॉटेलांत वाजवू लागली आणि मग सिनेमात शिरली. अल्डोना गावचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, त्यातलाच. १९५१ च्या 'अलबेला'त सी. रामचंद्रांच्या संगीतात 'शोला जो भडके' या गाण्यात बोंगो वाजतो आणि चिक चॉकलेट आपल्या बँडसकट क्युबन पद्धतीचे झालरवाले कपडे घालून पडद्यावर दिसतो. नाचतोय कोण? गिरणगावातून वर आलेले भगवानदादा. आफ्रिका, स्पेन, गोवा आणि गिरणी कामगारांचा परळ एका गाण्यात एकत्र आले. पण त्या काळातल्या शेकडो गोवेकर वादकांची आणि संयोजकांची नावं सिनेमाच्या श्रेयनामावलीत आलीच नाहीत.

रोषणगावचा धडा

इथं आपल्या जिल्ह्याची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बदनापूर तालुक्यातलं रोषणगाव किती जणांना इतिहासासाठी माहीत आहे? १६१६ मध्ये तिथं मोठी लढाई झाली. एका बाजूला मोगल फौज, दुसऱ्या बाजूला निजामशाहीचा वजीर मलिक अंबर. त्या लढाईत मलिक अंबर हरला, पण संपला नाही. १६२४ मध्ये भातवडीला त्यानं मोगल आणि आदिलशाही फौजांना धूळ चारली. हा मलिक अंबर कोण? इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, बाजारा-बाजारातून फिरत दख्खनला आलेला हबशी गुलाम. त्यानं १६१० मध्ये खडकी वसवली, तिथं नहर खोदून पाणी आणलं. तेच पुढं औरंगाबाद झालं, जिथं बाबासाहेबांनी १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय उभं केलं. १ मे १९८१ पर्यंत आपलं जालना त्याच जिल्ह्यात होतं. मालोजी, शहाजी असे मराठे सरदार मलिक अंबराच्या बाजूनं लढले.

विचार करा. आफ्रिकेतून साखळीत आलेला गुलाम या मातीत वजीर होऊ शकला. पण त्याच काळात, त्याच रोषणगावच्या परिसरात, इथंच जन्मलेल्या महाराला आणि मांगाला गावच्या विहिरीला हात लावता येत नव्हता. गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना बाबासाहेबांनी नेमकं हेच दाखवलं. गुलामाला मालक असतो, तो मेला तर मालकाचं नुकसान होतं, म्हणून मालक त्याला निदान जगवतो. शिवाय गुलामाला सुटकेचा दरवाजा असू शकतो. अस्पृश्याच्या जगण्याची जबाबदारी कोणावरच नाही आणि त्याच्या जन्माला दरवाजाच नाही.

दावा तिसरा : "हलगी म्हणजे गुलामी"

आता आपण मूळ दुखण्यावर आलो.

अमेरिकेत मालकानं काळ्या माणसाचा ढोल हिसकावला. आपल्याकडं उलटं झालं. इथं गावानं ढोल आपल्या गळ्यात अडकवला. मेलेलं जनावर आपण ओढायचं, कातडं आपण काढायचं, हलगी आपण मढवायची, जाळावर शेकून ताठ करायची आणि पाटलाच्या लग्नात, देवाच्या पालखीत, दवंडीला आणि मौतीला वाजवायची. 'वाजव' म्हटलं की वाजवायची. मोबदला शिळी भाकर आणि जोंधळ्याच्या चार पेंढ्या. देवाच्या मिरवणुकीत हलगी सगळ्यात पुढं, पण हलगीवाला देवळाच्या पायरीच्या खाली. आवाज चालतो, माणूस चालत नाही.

म्हणून तिथं ढोल वाजवणं हे बंड ठरलं आणि इथं ढोल खाली ठेवणं हे बंड ठरलं. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी हलकी कामं आणि मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. १९२८ मध्ये महार वतनाविरुद्ध कायदेमंडळात विधेयक आणलं. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गावोगावच्या आपल्या माणसांनी गावकीची कामं नाकारली. माझ्या आज्यानं हलगी चुलीत घातली होती. आजी सांगायची, त्या दिवशी घरात धान्य नव्हतं, पण आजा पहिल्यांदा मान वर करून झोपला. त्यामुळं आमच्या तरुण कार्यकर्त्याचा राग मला समजतो. तो राग पवित्र आहे.

पण माझ्या आज्यानं जाळलं काय? कातडं जाळलं की सक्ती जाळली? जर कातडंच पाप असतं तर बाबासाहेबांच्या चळवळीनं डफ आणि ढोलकी कधी हातातच घेतली नसती. इतिहास उलट सांगतो. १९३० च्या दशकात नाशिकच्या भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे उभे केले. सत्यशोधकांनी आधी वाट पाडलीच होती. तमाशाचा साचा घेतला, वाद्यं तीच ठेवली, पण शृंगार काढला आणि आत शाळा, पाणी, मंदिरप्रवेश, हक्क भरला. निरक्षर माणसापर्यंत चळवळ पोचली ती या ढोलकीवरून. पुढं वामनदादा कर्डकांनी तेच केलं. नामांतराच्या लढ्यात मराठवाडा पेटला तेव्हाही भाषणांच्या आधी गाणी गावात पोचत होती. ढोल तोच. वाजवायचा की नाही, हे ठरवणारा माणूस बदलला.

आणखी एक कडू गोष्ट. आपण बौद्धांनी हलगी सोडली, ते योग्यच केलं. पण गावाची गरज संपली नव्हती. तो भार मातंग बांधवांवर अधिकच पडला. आणि मग आपणच त्यांच्याकडं 'अजून वाजवतात' म्हणून नाक मुरडून पाहायला लागलो. वरच्यानं खालच्याला हीन लेखायचं, ही श्रेणीबद्ध विषमता. बाबासाहेबांनी तिची चीड शिकवली आणि आपण तिचीच एक पायरी झालो. अण्णा भाऊ साठेंच्या फोटोला हार घालायचा आणि हलगीवाल्याला चहा अंगणात द्यायचा, हे चालणार नाही.

लावणीचं श्रेय कोणाला?

बंदी, बाजार आणि शान हे चक्र आपल्याकडंही फिरलं. तमाशा महार, मांग, कोल्हाटी समाजांच्या कष्टावर उभा राहिला. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, मोठे कवी होते यात वाद नाही. ते जात सोडून फडात आले आणि शेवटी हलाखीतच गेले. पण त्यांच्यासोबत फड गाजवणारी पवळा महार समाजातली होती, आणि तिच्या वाट्याला इतिहासाचं किती पान आलं? पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेली देणगी बाबासाहेबांनी नाकारली. आपल्या समाजाच्या बायांना बोर्डावर नाचवून आलेला पैसा चळवळीला नको, ही त्यांची भूमिका होती. ढोलाचा गौरव करताना हे विसरायचं नाही. काही ठेक्यांच्या खाली बाईचं शोषण दडलेलं असतं. क्युबातही, इथंही.

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारनं तमाशा अश्लील म्हणून बंद केला आणि पुढं 'शुद्धीकरणा'च्या अटींवर उघडला. आज लावणी महाराष्ट्राची शान म्हणून दूरदर्शनवर आणि मंत्र्यांसमोर नाचते. विठाबाई नारायणगावकर कनातीमागं बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झाला, आणि २००२ मध्ये गेल्या तेव्हा दवाखान्याच्या खर्चाची भ्रांत होती. आर्सेन्यो तिकडं आणि विठाबाई इकडं. शान राष्ट्राची, भूक वादकाची.

मग करायचं काय?

पहिलं, नाव घ्या. मिरवणुकीच्या बॅनरवर डीजेचं नाव जेवढ्या अक्षरात छापता, तेवढ्याच अक्षरात हलगी पथकाच्या म्होरक्याचं नाव छापा.

दुसरं, दाम द्या. डीजेच्या जनरेटरच्या डिझेलला आपण हसत पैसे मोजतो आणि हलगीवाल्याशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो. ज्याला बिदागी ठरवता येते आणि 'नाही' म्हणता येतं, तो कलावंत. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, तो वेठबिगार. हलगी तीच असते.

तिसरं, सक्ती दिसेल तिथं आडवे या. कोणत्याही गावात आजही लग्नाला, पोळ्याला किंवा मौतीला 'तुमचं कामच आहे' म्हणून वाजवायला लावत असतील, तर ती कला नाही, तो अत्याचार आहे.

चौथं, पोरांना शिकवा. हातात लॅपटॉप असू द्या, पण वाजतंय ते कोणाचं आहे, कोणाच्या पाठीवरच्या वळातून आलंय, हे त्यांना माहीत पाहिजे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतल्या डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या आणि आपल्या प्रश्नातलं साम्य मांडलं होतं. १९७२ मध्ये दलित पँथरनं ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं. तो धागा आपला आहे. नुसत्या ठेक्यावर नाचून तो पुढं जाणार नाही.

त्या संध्याकाळी वाद बराच चालला. शेवटी ठरलं ते असं : मिरवणुकीत सगळ्यात पुढं हलगी, ठरलेल्या बिदागीवर, नावासकट. मागं डीजे. तरुण कार्यकर्ता आधी गप्प होता. मग त्यानं एकच अट घातली : वादकांनी ट्रॅक्टरमागं चालायचं नाही, आणि जेवण सगळ्यांच्या पंगतीत. बाबा म्हणाले, "एवढं असंल तर मग मी पण एक अट घालतो. या पोराला दोन काड्या धरायला शिकवतो. मशीनवर बसून ठेका कळत नसतो."

पुतण्या अजून शिकतोय. एक, चार, सात बरोबर येतंय. बाकीचं येईल.

जय भीम!